बाळाचे वजन आणि बाळाची चुळबूळ

आमच्याकडे घरात मूल जन्मले की दवाखान्यातून निरोप आणणाऱ्यास पहिला प्रश्न होतो तो मुलगा की मुलगी हा, आणि दुसरा होतो तो वजन किती हा. अडीच किलोच्या वर आकडा आला तर पेढ्यांची परात निघते. खाली आला तर वडीलधारी मंडळी आवाज उतरवून बोलू लागतात. व्यापाऱ्याच्या घरी काट्यावर भिस्त असावी यात नवल नाही. परंतु ज्या बालकाची वाढ आईच्या पोटातच खुंटली, त्याच्याविषयी निव्वळ काट्यावर विसंबून स्वस्थ राहणे आमच्या मते धोक्याचे आहे, आणि हा धोका आमच्या सुशिक्षित व सुस्थित घरांतूनही सर्रास पत्करला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, घाऊक धान्याचा व्यवहार करणारे गृहस्थ. वैद्यकावर अधिकारवाणीने बोलण्याचा आम्हांस हक्क नाही. तथापि नात्यागोत्यातील बालकांच्या निमित्ताने डॉक्टरांपाशी बसून, विचारून व वाचून जे समजून घेतले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. मूल दोन रीतींनी लहान जन्मते. एक, दिवस पुरे होण्याआधी जन्मल्यामुळे. आणि दुसरी रीत अशी की दिवस भरत आले वा भरलेही, परंतु पोटात त्याला जेवढे पोषण मिळावयास हवे होते तेवढे मिळाले नाही, म्हणून ते आपल्या दिवसांच्या मानाने हलके राहिले. पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकाच बालकाच्या वाट्याला येतात. वाढ खुंटण्याची कारणे अनेक आहेत. आईचा रक्तदाब चढलेला असणे, तिच्या अंगात रक्त कमी असणे, आईच मुळात बालपणापासून अर्धपोटी वाढलेली असणे, आणि वारेतून गर्भाला जाणारा रक्तप्रवाह अपुरा पडणे ही त्यांतील मुख्य होत. तंबाखू हेही एक कारण आहे. धूम्रपानच नव्हे तर दाताला लावावयाची मशेरीसुद्धा. निपाणीकडील आमचे तंबाखूचे व्यापारी मित्र हे वाक्य वाचून रुष्ट होतील, पण ते खरे आहे आणि आम्ही ते गाळणार नाही.

पोषण कमी पडू लागले म्हणजे गर्भ स्वतःच एक काटकसर करतो. दुष्काळात घरातील कुणबी उपास काढील, पण बियाण्याची कणगी शेवटपर्यंत फोडणार नाही. तशी गर्भाची तऱ्हा असते. हातपाय, यकृत, स्नायू यांचा वाटा तो तोडतो आणि मेंदूकडे व हृदयाकडे रक्त वळवितो. म्हणून अशा बालकाचे डोके शरीराच्या मानाने मोठे दिसते, पोट खपाटी असते आणि कातडी सैल असते. मेंदू वाचविण्याची ही निसर्गाची योजना मोठी नवलाची खरी. पण दुष्काळ लांबला तर कणगीलाही धक्का लागतोच. पोटात मेंदूचा बचाव झाला म्हणजे तो पूर्णतः सुखरूप राहिला, असे धरून चालता येत नाही.

अशी बालके थोडीथोडकी नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीत ज्यांच्या वजनाची नोंद मिळाली त्या बालकांपैकी सुमारे १८ टक्के अडीच किलोच्या आत भरली होती. म्हणजे दर शंभर पाळण्यांमागे अठरा. त्यांपैकी बहुतेक बालके पुढे उत्तम वाढतात, शाळा शिकतात, दुकाने चालवितात. हे आम्ही मुद्दाम आधी सांगून ठेवतो, कारण लहान जन्मलेल्या मुलाच्या आईला भिवविण्यासाठी हा लेख नाही. परंतु थोड्यांच्या बाबतीत पुढे चालण्याबोलण्यात अडचण येते. काहींना ज्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात तो मेंदूच्या इजेतून येणारा स्नायूंचा विकार जडतो. प्रश्न असा, की हे थोडे कोणते ते ओळखायचे केव्हा? मूल बसेना, उभे राहीना, हे घरच्यांच्या ध्यानी येते तेव्हा वर्ष उलटून गेलेले असते.

येथे एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. हाइन्झ प्रेख्टल हे १९२७ साली व्हिएन्ना येथे जन्मलेले वैद्य. त्यांनी आयुष्याचा मोठा भाग हॉलंडातील ग्रोनिंगेन येथे नवजात बालकांचा अभ्यास करण्यात घालविला. २०१४ साली ते वारले. त्यांच्या पूर्वीची पद्धत अशी होती की बालकाच्या गुडघ्यावर हातोडी मारावयाची, त्याचे पाय ओढून पाहावयाचे, तळव्याला गुदगुल्या करावयाच्या आणि त्याला जे प्रत्युत्तर येईल त्यावरून मज्जासंस्थेची पारख करावयाची. प्रेख्टल यांनी ही गोष्ट उलटी केली. बालकाला काहीही करू नका, त्याला उताणे निजवा, आणि ते आपखुशीने काय करते ते पाहा, असे त्यांनी सांगितले. पोटात असल्यापासून मूल कोणी न सांगता हलत असते. ही हालचाल मेंदूच्या आतूनच उपजते. म्हणून मेंदूची प्रकृती तिच्यात उमटते.

या हालचालींचे दोन टप्पे आहेत. जन्मापासून, किंवा नेमके बोलायचे तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून, पहिले सहा ते नऊ आठवडे मूल सर्वांगाने संथ वळवळते. हात, पाय, मान, धड यांतून ती वळवळ लाटेसारखी फिरते, कमी-जास्त होते. मग ती ओसरते आणि साधारण नवव्या आठवड्यापासून एक निराळीच हालचाल सुरू होते. तिला मराठीत चुळबूळ याहून चांगला शब्द आम्हांस सापडत नाही. बारीक बारीक, मध्यम वेगाच्या, मानेत, खांद्यात, मनगटात, कमरेत, घोट्यात सर्व दिशांनी चाललेल्या हालचाली. मूल जागे आणि शांत असले की चालू, आणि रडू लागले वा एखाद्या वस्तूकडे टक लावून पाहू लागले की बंद. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास ती ऐन भरात असते आणि विसाव्या आठवड्याच्या आसपास मूल हेतुपुरस्सर हात पुढे करू लागले म्हणजे ती मावळते. आमच्या आजीबाईंनी ही चुळबूळ हजारदा पाहिली असेल. तिचे मोल मात्र कोणी सांगितले नव्हते.

१९९७ साली प्रेख्टल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १३० बालकांच्या निरीक्षणाचा वृत्तान्त ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. ज्या ७० बालकांत ही चुळबूळ नीट दिसली त्यांपैकी ६७ पुढे मज्जासंस्थेच्या दृष्टीने निर्दोष निघाली. ज्या ६० बालकांत ती अजिबात नव्हती किंवा विकृत होती त्यांपैकी ५७ जणांत पुढे दोष आढळला. धान्याच्या बाजारात नमुन्यावरून इतका खरा सौदा उतरला तर वांधा म्हणून राहणार नाही. पुढे इतर देशांतही हीच पद्धत तपासली गेली, आणि २०१७ साली सेरेब्रल पाल्सीच्या लवकर निदानाविषयी अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून जो निर्णय प्रसिद्ध केला त्यात पाच महिन्यांच्या आतील धोक्याच्या बालकांसाठी तीन साधने सुचविली: मेंदूचे एमआरआय चित्र, लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाच्या नावाने ओळखली जाणारी अंगतपासणी, आणि प्रेख्टल यांचे हे हालचालींचे निरीक्षण. त्यांतील पहिल्याचा खर्च सभासदांना सांगावयास नको. तिसऱ्यास लागतो एक सपाट गादीचा तुकडा, एक चित्रण करणारा मोबाईल, तीन ते पाच मिनिटांचा अवधी, आणि शिकलेले डोळे.

शेवटचे शब्द आम्ही जाणूनबुजून शेवटी ठेवले आहेत. यंत्र विकत मिळते, डोळे घडवावे लागतात. जवारीचे दाणे तळहातावर घेऊन सांगणारा आमचा जुना आडत्या आणि दहावी होऊन कालच पेढीवर आलेला मुलगा एकाच ढिगाकडे पाहतात, पण एकच गोष्ट पाहत नाहीत. हे निरीक्षणही तसेच आहे. ते आईने घरी करून मनाशी निकाल लावण्याचे काम नव्हे. ज्याने प्रशिक्षण घेतले आहे अशा बालरोगतज्ज्ञाने किंवा फिजिओथेरपिस्टने ते चित्र पाहून सांगावयाचे असते.

आता वाढ खुंटलेल्या बालकांविषयी. प्रेख्टल यांचा वरील वृत्तान्त निघाला त्याच वर्षी ग्रोनिंगेनच्या वैद्यांनी अकाली आणि दिवसांच्या मानाने लहान अशा दोन्ही दोषांनी जन्मलेल्या बालकांच्या हालचालींवर स्वतंत्र लेख प्रसिद्ध केले. अशा बालकांची पहिल्या आठवड्यांतील वळवळ पुष्कळदा एकसुरी असते. तीच ती हालचाल, तोच तो क्रम, वैचित्र्य कमी. हे ऐकून घाबरण्याचे कारण नाही. ही एकसुरी वळवळ एकटी फारसे भाकीत करीत नाही, आणि पुष्कळ बालकांत तिच्या मागून निर्दोष चुळबूळ येते. आखडून गेलेले, सारे अवयव एकदम ताठ आणि एकदम सैल होणारे हलणे आठवडेच्या आठवडे टिकले तर मात्र ते गंभीर लक्षण होय. एकूण काय, पहिल्या महिन्यात एकदा पाहून मोकळे होता येत नाही. तिसऱ्या महिन्यातील तपासणी हीच खरी महत्त्वाची.

आणि नेमकी हीच तपासणी आमच्या घरांत चुकते. तिचे कारण गरिबी नाही, अज्ञानही तितकेसे नाही. ते आमच्या रीतीत आहे. पहिले बाळंतपण माहेरी. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते, तिथल्या दवाखान्यात बाळंत होते, तिथल्या डॉक्टरांपाशी बाळाचे कागद असतात. मग सव्वा महिना, मग बारसे, आणि तिसऱ्या महिन्याच्या आसपास सासरची मंडळी मुहूर्त पाहून बाळ-बाळंतिणीला न्यावयास येतात. बेळगावची लेक हैदराबादला जाते, हैदराबादची बेळगावास येते. ज्या आठवड्यांत बाळाला डोळ्यांखालून घालावयाचे, त्याच आठवड्यांत ते कुंची-अंगडे घालून रेल्वेत बसलेले असते. माहेरच्या डॉक्टरांना वाटते, सासरी दाखवतील. सासरच्यांना वाटते, माहेरी सगळे पाहून झाले आहे. कागद मामाच्या कपाटात राहतात.

आमच्या परिचयाच्या एका घरी असेच झाले. बाळ सदतिसाव्या आठवड्यात एक किलो आठशे ग्रॅमचे जन्मले. बारा दिवस काचेच्या पेटीत होते, मग दूध ओढू लागले, घरी आले आणि चांगले बाळसे धरले. निघतेवेळी दिलेल्या कागदावर तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा असे लिहिले होते, परंतु का दाखवावे हे कोणी त्या पोरीला समजावून सांगितले नाही. आणि बाळ गुटगुटीत दिसत असता कागदावरच्या ओळीसाठी मुहूर्त कोण मोडतो? चौदाव्या महिन्यात ते बसत नव्हते तेव्हा धावाधाव झाली. आज ते मूल व्यायामोपचारावर आहे, हसरे आहे, बोलतेही. उजवा हात मात्र अद्याप मिटलेला असतो. लवकर कळले असते तर सारे टळले असते, असे कोणी म्हणू नये. तसे कोणतेही डॉक्टर म्हणणार नाहीत. मधले दहा-अकरा महिने त्या हाताला वापराची सवय लावण्यासाठी मिळाले असते, एवढेच खरे.

आमचे काही ज्येष्ठ स्नेही यावर म्हणतात, अहो, रोगावर औषध नाही तर आधी कळून उपयोग काय? उगीच आईच्या जिवाला घोर. आम्हांस हा युक्तिवाद पटत नाही. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत मेंदू ओल्या मातीसारखा असतो. नव्या वाटा तेव्हा पडतात. कोणत्या बाजूने निजवावे, हाताला खेळणे कोठून द्यावे, कसे उचलावे, कसे पाजावे हे आईला त्या काळात शिकविले तर अंग आखडणे व सांधे निखळणे पुष्कळ आवरता येते. घोर लागतोच, तो चौदाव्या महिन्यात लागण्याऐवजी चौथ्यात लागला इतकेच. शिवाय एक गोष्ट हे स्नेही विसरतात. लहान जन्मलेल्या दहा बालकांच्या आया रात्री जागत असतात, आणि त्यांतील बहुतेकींना ही तपासणी निर्धास्त करून घरी पाठविते. चुळबूळ नीट दिसली तर सेरेब्रल पाल्सीची भीती जवळजवळ सोडून द्यावी, एवढा दिलासा त्या वयात दुसऱ्या कशाने मिळतो?

दुसरा आक्षेप कोणी उघड घेत नाही, पण आमच्या समाजात तोच खरा. मुलाला ‘मेंदूची तपासणी’ करावयास नेले ही वार्ता बाहेर गेली तर उद्या घराण्याचे नाव, धाकट्या बहिणीचे लग्न, असले विचार मनात येतात. म्हणून तपासणीच नको. पेढीवर वर्षाअखेर माल मोजताना कीड लागलेले पोते दिसू नये म्हणून कोठाराचे दार लावून घेणाऱ्या व्यापाऱ्यास आम्ही काय म्हणू, ते सभासदांनीच ठरवावे.

आणखी एक आमच्या घरातील चाल. बाळ थंडीने आक्रसेल म्हणून त्यास दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवतात, आणि लहान जन्मलेल्यास तर दुप्पट. ऊब हवीच, लहान बालकास ती जास्त हवी. पण चोवीस तास गुंडाळलेले मूल हलते कसे, हे घरात कोणास ठाऊकच नसते. तेल लावून न्हाऊ घातल्यावर, दूध पिऊन शांत असता, उबदार खोलीत पाच-दहा मिनिटे ते मोकळे निजवावे. त्यावेळी त्याला खुळखुळा दाखवू नये, बोलू नये, नुसते पाहावे. चित्रण घ्यावयाचे तेही असेच, वरून, सर्व अंग चौकटीत येईल असे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या तज्ज्ञांनी मोबाईलसाठी यासाठीच एक साधन तयार केले, ज्यायोगे पालक घरच्या घरी तिसऱ्या महिन्यातील चित्रण करून तज्ज्ञांकडे पाठवू शकतात. तेव्हा सासर-माहेरच्या अंतराची सबबही आता उरलेली नाही.

तथापि या परीक्षेकडून अवाजवी अपेक्षाही करू नये. शेतकरी पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. त्यावरून बी जिवंत आहे की नाही हे कळते. पीक किती येईल हे नाही. तसेच येथे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात दोन किलोंच्या आत जन्मलेल्या बालकांचा डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. असा दीर्घ उद्योग आपल्या देशात विरळा. बाराव्या वर्षी त्या मुलांचा बुद्धिगुणांक सरासरीने ९० च्या आसपास, म्हणजे सामान्य मर्यादेत, पण बरोबरीच्या मुलांच्या ९७ हून कमी भरला. आणि सर्वांत मागे होती ती अकाली व वाढ खुंटलेली अशी दुहेरी मार खाल्लेली मुले. लिहिणे आणि गणित यांत त्यांना अडचण येत होती. ही मुले चालत होती, धावत होती. म्हणजे पाचव्या महिन्यात दिलासा मिळाला तरी पाटी-पेन्सिल हाती येईपर्यंत लक्ष काढून घेता येत नाही. ग्रोनिंगेन येथील २००९ सालच्या एका अभ्यासात अकाली जन्मलेल्या मुलांच्या त्या लहानपणीच्या हालचालींचा दर्जा आणि शाळेच्या वयातील बुद्धी यांत नाते दिसले आहे. पण ते समूहाविषयीचे बोलणे झाले, एका मुलाचे भविष्य त्यावरून वर्तवू नये.

मधल्या वर्षांसाठी साधने आपल्याच भाषेच्या माणसांनी घडविली आहेत, याचा मात्र आम्हांस अभिमान वाटतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी तेथील बालकांवर वर्षानुवर्षे काम करून १ ते ३० महिन्यांच्या भारतीय मुलांच्या शारीरिक व मानसिक प्रगतीची मापे बसविली. तिचा अहवाल १९७० साली निघाला. त्यावरून पुढे तयार झालेल्या मोजपट्टीत हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ बाबी आहेत आणि ती देशभर वापरली जाते. आपले मूल अमेरिकेच्या मापाने मोजू नये, हे त्या बाईंना तेव्हा उमगले होते.

दानधर्माविषयी दोन शब्द. दवाखान्यास काचेची पेटी देणाऱ्याचे नाव पेटीवर रंगविता येते. डॉक्टरच्या शिकलेल्या डोळ्यांवर रंगविता येत नाही. म्हणून पेट्या मिळतात आणि पेटीतून बाहेर पडलेल्या बालकाचा पुढला पत्ता कोणाच्या वहीत नसतो. ज्यांना देण्याची इच्छा आहे त्यांनी एखाद्या तरुण फिजिओथेरपिस्टच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलावा, खेड्यातील आईच्या परतीच्या एस. टी. भाड्याची तरतूद करावी. २०१३ पासून शासनाच्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे निघाली आहेत. तेथे जाण्यास श्रीमंताला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

आणि ज्यांच्या घरी सध्या असे लहान बाळ आहे, त्यांनी आज रात्रीच प्रसूतीची अपेक्षित तारीख शोधून काढावी. जन्मतारीख नव्हे, दिवस भरण्याची जी तारीख डॉक्टरांनी पहिल्या सोनोग्राफीवरून दिली होती ती. तीपासून बारा आठवडे मोजून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करावी. सहा आठवडे आधी जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत ही खूण त्याच्या अठराव्या आठवड्यावर पडेल. मुलीला सासरी धाडण्याचा मुहूर्त त्या खुणेच्या पुढचा काढावा, आणि काढणे अशक्यच असेल तर दवाखान्याचे सारे कागद, वारेचा अहवाल असल्यास तोही, एका लिफाफ्यात घालून बाळाच्या दुपट्यांबरोबर तिच्या पेटीत ठेवावा.